शेती अवशेषांपासून बांधकाम साहित्य (नागपूर परिसर)

पीक काढल्यावर शेतात किंवा गिरणीत उरणारी काडी, तूस (धानाचे टरफल), चिपाड आणि त्यांची राख यांपासून विटा, फळ्या व सिमेंटमध्ये मिसळायची पूड तयार करण्याची पद्धत. नागपूरच्या एका अंगाला वर्धा-यवतमाळचा कापूस आणि तूर, तर दुसऱ्या अंगाला भंडारा-गोंदियाचे धान. त्यामुळे पऱ्हाटी (कापसाच्या झाडाच्या वाळलेल्या काड्या) आणि तूस हे दोन्ही कच्चे माल इथे हाताशी आहेत.

कल्पना नवी नाही. पऱ्हाट्या-तुराट्या विणून त्यांवर माती, शेण व कुटाराचा (भुशाचा) गिलावा दिलेली कुडाची भिंत विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. ती हलकी असते आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्यात सिमेंटच्या भिंतीइतकी तापत नाही. पण तिला उधई लागते आणि ती पुन्हा पुन्हा लिंपावी लागते. सरकारी व्याख्येत असे घर ‘कच्चे’ ठरते.

पऱ्हाटीचा आजचा वापर म्हणजे पार्टिकल बोर्ड. काड्यांचे तुकडे वाळवून, त्यांत राळ मिसळून, ते गरम दाबयंत्रात दाबतात. पऱ्हाटीची घडण कठीण लाकडाशी जुळती असल्याने बोर्ड चांगला होतो. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने हे तंत्र विकसित केले. संस्था मुंबईची, तरी तिचे जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणे) प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. मात्र राळ बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडची असते आणि तिच्यातून अपायकारक वायू सुटतो, म्हणून अशा बोर्डाला सरसकट ‘पर्यावरणपूरक’ म्हणणे घाईचे होईल.

तुसाचा हिशेब वेगळा. १०० किलो धानातून सुमारे २० किलो तूस निघते आणि ते जाळल्यावर ४ किलोच्या आसपास राख उरते. या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. तूस साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या आत जाळले तर सिलिका अस्फटिक (स्फटिक न बनलेली) राहते; बारीक दळल्यावर ती सिमेंटमधील चुन्याशी संयोग पावून काँक्रीट घट्ट करते. अशी राख १० ते २० टक्के सिमेंटची जागा घेऊ शकते, फक्त मिश्रणाला पाणी जास्त लागते. राईस मिलच्या बॉयलरमध्ये तापमानावर असा ताबा नसतो. तिथली काळी राख अर्धवट जळलेली असते आणि सिमेंटच्या कामी फारशी येत नाही.

नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत (व्हीएनआयटी) उसाच्या चिपाडाची राख, दगडखाणीची चुरी व चुना यांच्या विटांवर संशोधन झाले. कापसाचा टाकाऊ भाग व कागद गिरणीचा गाळ वापरलेल्या विटाही तिथे तपासल्या गेल्या. या दुसऱ्या विटा वजनाला हलक्या, पण पाणी जास्त शोषणाऱ्या. त्या आतल्या भिंतींसाठीच बऱ्या.

खरी अडचण प्रयोगशाळेबाहेर आहे. कोराडी आणि खापरखेडा वीज केंद्रांच्या राखेमुळे या भागात फ्लाय ॲशची वीट सहज मिळते. नव्या विटेला आधी तिच्याशी स्पर्धा करावी लागते. तूस बॉयलरमध्ये जाते, पऱ्हाटी चुलीत किंवा ब्रिकेटच्या (जळणासाठी दाबून केलेल्या ठोकळ्यांच्या) कारखान्यात. शिवाय पऱ्हाटी जागा फार अडवते आणि वजनाला कमी भरते, त्यामुळे ट्रॅक्टरचे भाडे मालाच्या किमतीवर जाते. शेतातच कुट्टी करून नेली तर भाड्याचा भार घटतो. पऱ्हाटी शेतातून वेळेत हलणे गुलाबी बोंडअळीच्या बंदोबस्तासाठीही गरजेचे असते, कारण अळी उरलेल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. गिऱ्हाईक नसले की बरेच शेतकरी ती बांधावर रचतात किंवा पेटवून देतात.