नवा टॅटू आणि दर्याचं पाणी

कळंगुट-बागाच्या पट्ट्यात टॅटू काढलेल्याला कुणीतरी हमखास सांगतं: दर्यात एक बुडी मार, खाऱ्या पाण्यानं जखम लवकर सुकते. सल्ला जुना आहे, पण चुकीचा.

टॅटूची सुई वरची कातडी भेदून एक-दोन मिलिमीटर आत शाई सोडते. म्हणजे ती उघडी जखमच. दवाखान्यात जखम धुतात ते सलाइन ०.९ टक्के मिठाचं आणि निर्जंतुक असतं. समुद्रात मीठ साधारण ३.५ टक्के, त्यामुळे कातडी कोरडी पडते, चुरचुरते. निर्जंतुकपणाचं तर नावच नको! बागाची खाडी दर्याला मिळते तिथलं पावसाळ्यातलं गढूळ पाणी एकदा नीट बघा. कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू वाढतात. टॅटूनंतर पाचच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहलेला एक माणूस अशाच संसर्गानं दगावल्याची नोंद २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याला यकृताचा जुना आजार होता, हे खरं. पण आपलं यकृत कसं आहे हे किती जणांना ठाऊक असतं?

वरची कातडी भरायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर दर्या नको, स्विमिंग पूलही नको. सौम्य, बिनवासाच्या साबणानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मलम अगदी पातळ लावायचं. खपली नखानं काढली की शाईही जाते. लाली पसरली, पू आला किंवा ताप भरला, तर थेट डॉक्टर गाठा.