जड गिअरची फिक्सी आणि गुडघ्यावरील ताण

फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबले तरी चाक फिरू देणारी चक्री, नसलेल्या सायकलीत, म्हणजे बोलीभाषेतील 'फिक्सी'त, चाक फिरत असेपर्यंत पेडलही फिरतच राहते. अशा सायकलीला रस्त्याच्या चढाच्या मानाने जड गिअर बसवला, तर गुडघ्याच्या वाटीभोवती आणि वाटीला नडगीशी जोडणाऱ्या कंडरेत हळूहळू जो ताण साठत जातो, त्याचा विचार या नोंदीत बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील रस्त्यांच्या संदर्भात केला आहे.

गिअर जड की हलका हे पुढच्या चेनव्हीलच्या (पेडलजवळच्या दातेरी चाकाच्या) दात्यांना मागच्या चक्रीच्या दात्यांनी भागून ठरते; हे गुणोत्तर जितके मोठे, तितका गिअर जड. ४८ आणि १६ दात्यांच्या जोडीत पेडलच्या एका फेरीत मागचे चाक तीनदा फिरते आणि सायकल साधारण ६.३ मीटर पुढे जाते. दुधाच्या किटल्या लावून खेड्यातून शहरात येणाऱ्या जुन्या काळ्या सायकलीला बहुधा ४४ आणि १८ दाते असतात. तिचे गुणोत्तर सुमारे २.४४ भरते. ते कमी असूनही चढ आला की दूधवाला खाली उतरतो आणि सायकल हाताने ढकलत नेतो. फिक्सीवरच्या तरुणाने त्याच्याकडून निदान एवढे तरी शिकावे.

वेग तोच ठेवला तर जड गिअरमध्ये पेडलच्या फेऱ्या कमी होतात, पण प्रत्येक फेरीला लागणारा जोर वाढतो. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरले आणि शंभर मीटरला सहा मीटर चढणारा रस्ता घेतला, तर १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) ४८-१६ च्या जोडीत पेडलवरचा सरासरी जोर ३० किलोच्या आसपास येतो. ४४-१८ मध्ये तोच २५ किलोवर उतरतो. पाय प्रत्यक्ष खाली दाबला जातो त्या क्षणी मात्र हा जोर सरासरीच्या दुपटीजवळ असतो, कारण फेरीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला पाय जवळजवळ काहीच काम करत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंनी ओढ घेतली की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, आणि गुडघा जितका दुमडलेला तितका हा दाब अधिक असतो. ताशी १० किलोमीटरने चढताना ४८-१६ वर मिनिटाला जेमतेम २६ फेऱ्या होतात, म्हणजे दुमडलेला गुडघा प्रत्येक फेरीत बराच वेळ ओझ्याखाली राहतो. त्यातच फिक्सीवर पाय थांबवता येत नाही. ब्रेक न लावता पेडल उलटे रेटून वेग कमी करण्याची सवय असेल, तर चढावर शिणलेले स्नायू उतारावरही ताणले जातात.

बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असले, तरी ते सपाट पठारावरचे शहर नव्हे. कपिलेश्वर उड्डाणपुलाचा चढ, चन्नम्मा चौकातल्या सिग्नलवरून पुन्हा पुन्हा शून्यातून उचलावी लागणारी सायकल, येळ्ळूरच्या राजहंसगडाची चढण, संकेश्वरकडे जाताना वंटमुरी आणि निपाणीच्या अलीकडे तवंदी हे घाट, या सर्व ठिकाणी गिअरची निवड गुडघ्याला थेट जाणवते. पावसाळ्यात जांबोटीकडे निघाले की पश्चिमेचा वारा समोरून येतो, आणि सपाट रस्ताही चढासारखा वाटू लागतो. असे असूनही गिअर सपाटीवरच्या वेगासाठी निवडला जातो, कारण हलक्या गिअरमध्ये उतारावर पाय फार वेगाने फिरतात: ताशी ४० किलोमीटरला ४८-१६ वर मिनिटाला १०६ फेऱ्या होतात, तर ४४-१८ वर सुमारे १३०. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय पुढचा चांगला ब्रेक हा आहे, जड गिअर नव्हे. तालमीच्या या मुलखात बैठका मारून मांड्या कमावलेल्या मुलाला जड गिअर ही ताकदीची खूण वाटते; स्नायू मात्र कंडरेपेक्षा लवकर तयार होतात, आणि दुखणे नेमके त्या फरकातून सुरू होते.

पहिली खूण बहुधा सायकलीवर दिसत नाही. जिना उतरताना, उकिडवे बसून उठताना किंवा एसटीत बराच वेळ पाय दुमडून बसल्यावर वाटीच्या मागे किंवा खाली बोथट कळ येते. सीट खाली असल्यास दुखणे पुढच्या बाजूला वाढते. सीट फार वर असल्यास ते गुडघ्याच्या मागे जाणवते. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेल्यावर पाय सरळ व्हावा, इतकी सीटची उंची साधारण योग्य मानतात.

सर्वांत स्वस्त सुधारणा मागच्या चाकाशी होते. ४८ दाते कायम ठेवून मागे १६ ऐवजी १९ दात्यांची चक्री बसवली, की गुणोत्तर ३ वरून २.५३ वर येते. चेन मात्र लांब करावी लागू शकते. चक्री सुटू नये म्हणून तिच्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग (अडकवणारी कडी) घट्ट हवी. साधे फ्रीव्हील वेल्डिंग करून 'फिक्स' केलेल्या सायकलीत गिअर गुडघ्याला सोसणारा असला, तरी पेडल उलटे रेटताच ते आट्यांवरून सुटू शकते, म्हणून ती चालवूच नये. मागच्या हबच्या (चाकाच्या तुंब्याच्या) दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील बसवण्याची सोय असेल, तर दुखरे दिवस चाक काढून उलट बाजूने बसवून फ्रीव्हीलवर काढावेत आणि घाट टाळावेत. गुडघा सुजला, अडकू लागला किंवा चालताना अचानक मुडपू लागला, तर गिअर बदलून थांबू नये, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.