शायबनहार्ड : एक गाव, दोन देश

लाउटर ही तशी छोटीच नदी, अलीकडे फ्रान्सचा अल्सास प्रांत, पलीकडे जर्मनी, आणि दोन्ही काठांना मिळून मुळात एकच गाव. फ्रान्समधलं शायबनहार्ड आणि जर्मनीतलं पण शायबनहार्डच, फक्त जर्मन बाजूचे लोक लिहिताना शेवटी एक 'टी' जास्त लावतात. मधे पूल आहे, तो ओलांडला की देश बदलला.

हा सगळा मुलूख जुन्या काळी श्पायर या जर्मन शहराच्या बिशपच्या सत्तेखाली, नंतर इथे फ्रेंचांचा जम बसला आणि क्रांतीनंतर तर नदीचे दोन्ही काठ फ्रान्सचेच होते. मग नेपोलियन वॉटर्लूला हरला आणि नोव्हेंबर १८१५ च्या पॅरिस तहात जिंकलेल्यांनी लाउटर हीच सीमा ठरवून टाकली, उत्तरेचा काठ पुढच्या वर्षी बव्हेरिया या जर्मन राज्याकडे गेला. तह करणाऱ्यांसाठी नदी म्हणजे नकाशावरची आयती रेघ, पण इथे त्या रेघेच्या दोन्ही अंगाला एकाच गावातली घरं होती हो.

पुढे तर कहरच. १८७१ ला अल्सास जर्मनीने घेतला, १९१८ ला परत फ्रान्स, १९४० ला परत जर्मनी, १९४५ ला परत फ्रान्स, म्हणजे १८७० च्या आसपास जन्मलेली एखादी आजी पंच्याहत्तरीपर्यंत जगली असेल तर घर न बदलता तिचा देश चार वेळा बदलला. सप्टेंबर १९३९ मध्ये सीमेलगतची गावं रिकामी केली, माणसं थोडंफार सामान घेऊन पार नैऋत्य फ्रान्सकडे गेली, गुरं मागेच राहिली. ऑगस्ट १९४२ पासून अल्सासच्या पोरांना जबरदस्तीने जर्मन सैन्यात भरती केलं, शेजारचा मोझेल भाग धरून साधारण १ लाख ३० हजार. म्हणून फ्रान्समध्ये इतरत्र युद्धस्मारकांवर 'फ्रान्ससाठी मेलेले' असं कोरलेलं दिसतं, आणि अल्सासच्या कितीतरी गावांत मात्र नुसतं 'आमचे मृत'. कुठल्या देशासाठी ते लिहिणार तरी कसं! मला तरी सगळा इतिहास त्या दोन शब्दांतच दिसतो.

जर्मन काळाच्या खुणा अजून आहेत. १९०५ ला फ्रान्सने धर्म आणि सरकार वेगळं केलं तेव्हा अल्सास त्यांच्याकडे नव्हताच, त्यामुळे इथे पाद्र्यांचा पगार आजही सरकार देतं, आणि गुड फ्रायडे न् २६ डिसेंबरला सुट्टी असते. मार्च १९९५ मध्ये युरोपातल्या देशांमधल्या सीमा खुल्या करणारा शेंगेन करार लागू झाला आणि पुढे सीमेवरची तपासणी उठली, पण मार्च २०२० ला कोरोनात जर्मनीने सीमेवरच्या बऱ्याच छोट्या वाटा बंद केल्या तेव्हा पलीकडे कामाला जाणाऱ्यांना लांबचा वळसा घालावा लागला.