धुराविना निकोटीन : सिगारेटकडून ई-सिगारेटकडे जाणाऱ्या वाटेची पार्श्वभूमी

२०१९ साली गणपती २ सप्टेंबरला आले. तेलवाहू जहाजावर नोकरीला असलेला माझा मावसभाऊ त्या वर्षी बरोबर सणाच्या वेळेला रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी पोहोचला होता. आरत्या आटोपल्यावर तो पडवीच्या टोकाला, जिथे दरवर्षी सिगारेट पेटवून उभा राहायचा, तिथेच जाऊन उभा राहिला. पण त्याच्या हातात बोटभर लांबीचे, पेनासारखे एक यंत्र होते. झुरका घेतला की त्याच्या टोकाशी निळा दिवा लागे आणि पागोळ्यांच्या पलीकडे विरत जाणाऱ्या वाफेला पुदिन्याचा वास येई. दिवसाला पाकीट संपवणारा हा माणूस पाच महिने सिगारेटला शिवला नव्हता. अनंत चतुर्दशीला विसर्जन होऊन सहा दिवस झाले आणि १८ सप्टेंबरला केंद्र सरकारने ई-सिगारेटवर बंदी घालणारा वटहुकूम काढल्याचे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केले. त्याच्याजवळचा, त्या यंत्रात भरायचा द्रव दिवाळीच्या आधी संपला आणि तो पुन्हा सिगारेटवर आला.

एका माणसाच्या अनुभवावरून बंदी योग्य की अयोग्य हे ठरवता येत नाही, आणि तसे ठरवण्यासाठी हे टिपण लिहिलेले नाही. पण सिगारेट सोडण्यासाठी दुसरे काहीतरी ओढावे ही कल्पना मुळात आली कुठून, तिच्यामागे कोणते शास्त्र आहे आणि आपल्याकडे ती वाट का बंद झाली, हे नीट समजून घेतल्याशिवाय पडवीतल्या त्या प्रसंगाचा अर्थ लागत नाही.

तंबाखू या किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर आली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराचा अधिकारी असद बेग विजापूरला गेला असता त्याने तिथे तंबाखू पाहिली आणि रत्नजडित नळीसह ती बादशहापुढे नेऊन ठेवली. ज्या आदिलशाहीचे दाभोळ हे कोकणातले मोठे बंदर होते, त्याच राज्यातून तंबाखू मुघल दरबारात गेली, ही गोष्ट कोकणी माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. अकबराने दोन-चार झुरके घेतले, तेव्हा हकिमांनी हरकत घेतली : या पदार्थाचा उल्लेख आपल्या वैद्यकग्रंथांत नाही, मग न तपासता तो बादशहाला कसा द्यायचा? त्यावर असद बेगाचे म्हणणे असे की, प्रत्येक चाल कधीतरी नवीनच असते. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली, पण तिचा प्रसार थांबला नाही. ई-सिगारेटवरून गेल्या पंधरा-वीस वर्षांत जो वाद झाला, त्यातले दोन्ही पक्ष त्या दरबारात आधीच बोलून गेले आहेत.

कोकणात तंबाखूने घराघरांत वेगवेगळी रूपे घेतली. शेतावरच्या गड्याच्या कानावर विडी, म्हाताऱ्यांच्या चंचीत पान-सुपारीबरोबर तंबाखू आणि चुन्याची डबी, बायकांच्या हाताशी मशेरी, आणि मुंबईच्या चाकरमान्याच्या खिशात सिगारेटचे पाकीट. सिंधुदुर्गात देवचाराला विडी-काडी ठेवण्याची रीत आहे, म्हणजे राखणदारालाही तलफ असते असे माणसांनी गृहीत धरले. ही तलफ नेमकी कशाची असते, याचे उत्तर मात्र कोकणापासून फार दूर सापडले.

१८२८ मध्ये हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि राइमान या दोघांनी तंबाखूतून निकोटीन वेगळे काढले. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, आणि १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने त्यावर सरकारी शिक्का उमटवला. या दोन शोधांमधला दुवा जुळायला मात्र वेळ लागला. निकोटीन माणसाला तंबाखूशी बांधून ठेवते, पण कर्करोग होतो तो मुख्यतः जळण्यातून निर्माण होणाऱ्या द्रव्यांमुळे. पेटलेल्या सिगारेटच्या टोकाशी तापमान ९०० अंश सेल्सियसच्या आसपास जाते. तिच्या धुरात ७,००० हून अधिक रासायनिक द्रव्ये असतात आणि त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्ये हे एका वाक्यात मांडले : लोक ओढतात निकोटीनसाठी, पण मरतात धुरातल्या डांबराने. हे म्हणणे मान्य केले, तर माणसाला निकोटीन देऊन त्याचा धूर काढून घेता येईल का, हा प्रश्न आपोआपच उभा राहतो.

या प्रश्नाचे पहिले व्यवहारी उत्तर समुद्रावरून आले, आणि बोटीवर माणसे असलेल्या घरातला असल्यामुळे मला हा भाग विशेष जवळचा वाटतो. १९६७ मध्ये स्वीडनमधील लुंड येथील संशोधक क्लास लुंडग्रेन यांनी औषधनिर्मिती करणाऱ्या ओव्हे फेर्नो यांना कळवले की, पाणबुडीवर सिगारेट ओढता येत नसल्यामुळे खलाशी तोंडात धरण्याच्या तंबाखूकडे वळतात आणि तेवढ्याने त्यांची तलफ भागते. याचा अर्थ धूर लागतच नव्हता, निकोटीन लागत होते. फेर्नो यांनी यावरून निकोटीनचा गम तयार करायला घेतला. त्याला १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि १९८४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पाणबुडीच्या खलाशांचे जे निरीक्षण स्वीडनमध्ये टिपले गेले, ते तेलवाहू जहाजावर काम केलेल्या कोणत्याही कोकणी माणसाला ठाऊक असते. तिथे ठरवून दिलेल्या खोलीबाहेर आगकाडी ओढता येत नाही, आणि म्हणून माझ्या मावसभावाच्या आधीच्या पिढीतले कितीतरी जण बोटीवर असताना तंबाखूचा बार भरू लागले व घरी परतले ते दोन्ही सवयी घेऊन.

गममध्ये एक अडचण होती. सिगारेटच्या झुरक्यातले निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. गममधले गालाच्या आतल्या त्वचेतून सावकाश झिरपते. शिवाय सिगारेट ही हाताची, ओठांची आणि श्वासाचीही सवय असते. ती सवय तशीच ठेवून फक्त आग काढून टाकण्याचा विचार अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी आधीच केला होता. त्यांनी १९६३ मध्ये धूरविरहित, तंबाखूविरहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६५ मध्ये ते त्यांना मिळाले, पण ती वस्तू बाजारात आली नाही. आजच्या ई-सिगारेटचे श्रेय चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांना दिले जाते. ते स्वतः भरपूर सिगारेट ओढत आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. २००३ च्या सुमारास त्यांनी यंत्र तयार केले, २००४ मध्ये ते चीनमध्ये विक्रीला आले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत युरोप-अमेरिकेत पोहोचले. रचना साधी आहे : एक बॅटरी, तापणारी तार आणि प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन व स्वाद यांचे मिश्रण असलेला द्रव. तार तापते, द्रवाचे सूक्ष्म तुषार होतात आणि माणूस ते आत ओढतो. काही जळत नसल्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हे सिगारेटचे दोन मोठे धोके बाजूला पडतात. पण तापलेल्या द्रवातून फॉर्मल्डिहाइडसारखी द्रव्ये कमी-अधिक प्रमाणात तयार होऊ शकतात आणि निकोटीनची गुलामी तशीच राहते. त्यामुळे ‘ही तर नुसती वाफ’ हे म्हणणे खरे नाही.

ब्रिटनने या यंत्राला सिगारेट सोडवण्याचे साधन मानले. तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये ते सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचे सांगितले. हा आकडा दीर्घकाळच्या मोजणीतून नव्हे तर तज्ज्ञांच्या अंदाजातून आला होता, आणि त्यावरून लॅन्सेट या नियतकालिकाने तेव्हाच टीका केली. अधिक भक्कम पुरावा २०१९ च्या सुरुवातीला आला. इंग्लंडमध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्या ८८६ जणांपैकी काहींना ई-सिगारेट आणि काहींना गम, पट्टी अशी निकोटीनची नेहमीची साधने, दोन्ही गटांना समुपदेशनासह, देण्यात आली. एक वर्षानंतर पहिल्या गटातले १८ टक्के आणि दुसऱ्या गटातले ९.९ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. आकडा जवळजवळ दुप्पट आहे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे : सिगारेट सुटलेल्यांपैकी ई-सिगारेटच्या गटातले ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढत होते, तर दुसऱ्या गटात आपले साधन चालू ठेवणारे ९ टक्केच होते. धूर सुटला, निकोटीन सुटले नाही.

अमेरिकेत गोष्टीने वेगळे वळण घेतले. जूल या कंपनीने २०१५ मध्ये निकोटीनचा क्षार वापरणारे छोटे यंत्र आणले; त्यामुळे घशाला न खवखवता भरपूर निकोटीन घेता येऊ लागले आणि शाळकरी मुले त्याच्या आहारी गेली. डिसेंबर २०१८ मध्ये मार्लबोरो विकणाऱ्या आल्ट्रिया कंपनीने १२.८ अब्ज डॉलर मोजून जूलमधला ३५ टक्के वाटा घेतला. सिगारेट सोडवणारे साधन सिगारेट विकणाऱ्याच्याच दुकानात गेले, तेव्हा डॉक्टरांच्या मनात संशय येणे रास्तच होते, कारण हा उद्योग पूर्वी फिल्टर आणि ‘लाइट’ सिगारेटच्या नावाने कमी धोक्याचे असेच आश्वासन देऊन गेला होता आणि ते खोटे ठरले होते. २०१९ च्या ऑगस्टच्या सुमारास तिथे वाफ ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या गंभीर आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण दाखल झाले आणि ६८ जण दगावले. त्याचा मुख्य संबंध गांजातील द्रव्य असलेल्या बेकायदा द्रवांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी होता, हे पुढे स्पष्ट झाले. पण सप्टेंबरमध्ये दिल्लीत निर्णय होत होता तेव्हा ते स्पष्ट नव्हते, आणि त्या निर्णयाला दोष देताना हा काळ विसरून चालणार नाही.

भारतात आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये राज्यांना ई-सिगारेटची विक्री होऊ न देण्याची सूचना दिली होती, मे २०१९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने संपूर्ण बंदीची शिफारस केली, सप्टेंबरमध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; नुसत्या साठवणीला शिक्षा यापेक्षा कमी आहे. बंदीमागची भूमिका समजण्यासारखी आहे : जिथे नियमनाची यंत्रणा कमकुवत आहे तिथे हे साधन सोडू पाहणाऱ्या पन्नाशीच्या माणसापेक्षा कॉलेजच्या मुलाच्या हाती आधी पडेल. तरीही एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. ज्या टपरीवर ई-सिगारेट ठेवणे गुन्हा आहे, त्याच टपरीवर सिगारेट आणि विडी मिळते.

कोकणापुरते पाहिले तर चित्र आणखी वेगळे आहे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते, पण ओढणारे ३.८ टक्केच होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे ज्या वादावर इतकी शाई खर्च झाली, त्याचा राज्यातल्या बहुतेक तंबाखूग्रस्तांशी संबंधच नाही. गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली. मशेरी मात्र घरीच होते. माझी मावशी अजूनही दर आठवड्याला तव्यावर तंबाखू भाजते, काळी झाली की पाट्यावर वाटते आणि डबीत भरून ठेवते. भाजतानाचा तो तिखट धूर माजघरात दाटतो आणि नातवंडे खोकत अंगणात पळतात. तिच्या तर्जनीच्या पेराला कायमचा काळपट रंग आला आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या वाटेवरची ही सवय सोडवायला ई-सिगारेट उपयोगाची नाही, आणि धूरविरहित निकोटीनची सगळी चर्चा तिच्यासाठी उलटी आहे, कारण ती धूर ओढतच नाही.

कायद्याने मिळणारी साधने आहेत, पण ती गावापर्यंत पुरेशी आलेली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने निकोटीनचा गम आणि पट्टी २००९ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत घातली, आपल्या राष्ट्रीय यादीत हे उपचार २०२२ मध्ये आले. २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो. तंबाखूच्या पाकिटावर २०१८ पासून छापला जाणारा १८००-११-२३५६ हा क्रमांक २०१६ मध्ये सुरू झालेल्या, तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणाऱ्या राष्ट्रीय सेवेचा आहे.

मावसभावाने पुढे दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा त्याने गम साध्या च्युइंगगमसारखा भराभर चावला, घसा जळला, उचक्या लागल्या आणि दोन दिवसांत त्याने तो टाकून दिला. तो थोडा चावून, जिभेला झणझणले की तंबाखूच्या बारासारखा गालात दाबून ठेवायचा आणि लाळ गिळायची नाही, हे त्याला दुकानदाराने सांगितले नव्हते. ते समजावून सांगितले दुसऱ्या वेळी, एका डॉक्टरांनी. त्या खेपेला त्याने आठ महिने काढले. आता तो पुन्हा बोटीवर आहे, आणि जाताना बॅगेत गमची चार पाकिटे घेऊन गेला आहे.