हॉट रॉड : टोचन आणि धक्का-स्टार्ट

स्वस्तात मिळालेल्या जुन्या मोटारगाडीचे मडगार्ड, बंपर, बॉनेट असे जड भाग उतरवून आणि तिच्या इंजिनाची ताकद वाढवून तयार केलेल्या वेगवान गाडीला अमेरिकेत हॉट रॉड म्हणतात. हा छंद १९३० नंतरच्या काळात दक्षिण कॅलिफोर्नियात रुजला. त्याचा पाया फोर्डच्या मॉडेल टी, मॉडेल ए आणि १९३२ साली आलेल्या व्ही-८ (आठ सिलिंडरांच्या) इंजिनाच्या गाड्यांनी घातला. या गाड्यांच्या शर्यतींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र शर्यतीपर्यंत पोहोचण्याआधी, बंद पडलेली गाडी दोराने ओढत घरी आणताना किंवा धक्का मारून सुरू करताना, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी जे जिवावरचे उद्योग केले, ते या छंदाचे तितकेच खरे अंग आहे.

या गाड्या सहजासहजी सुरू का होत नसत, हे आधी समजून घ्यायला हवे. फोर्डच्या गाड्यांत १९५५ पर्यंत ६ व्होल्टची विद्युत-यंत्रणा होती. १२ व्होल्टच्या तुलनेत तेवढ्याच शक्तीसाठी तिला दुप्पट विद्युतप्रवाह लागतो, त्यामुळे गंजलेली अर्थिंग किंवा थकलेली बॅटरी असली की स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी विजेची मोटर, नुसता कण्हत राही. त्यातच मुलांनी सिलिंडर-हेड घासून किंवा बदलून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये इंधन-हवेचे मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण) वाढवलेले असे, म्हणजे इंजिन फिरवायला आणखी जोर लागे. हाती आलेला प्रत्येक डॉलर आधी इंजिनावर खर्च होई. बॅटरी, वायरिंग आणि ब्रेक यांची पाळी शेवटी येई. पुढच्या बहुतेक अपघातांचे मूळ या क्रमात आहे, असे मानायला हवे. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ च्या मॉडेलपासून दिले. त्याआधीच्या गाड्यांचे ब्रेक सळया आणि तारांवर चालत, आणि त्यांची चारही चाकांवरची पकड सारखी ठेवणे अनुभवी मेकॅनिकलाही अवघड जाई.

टोचन करून गाडी सुरू करण्याची कृती ऐकायला सोपी वाटते. मागच्या गाडीत बसलेल्याने इग्निशन चालू करायचे, क्लच दाबून दुसरा किंवा तिसरा गिअर टाकायचा आणि पुढच्या गाडीने थोडा वेग घेतला की क्लच सोडायचा. चाके इंजिनाला फिरवतात आणि इंजिन सुरू होते. प्रत्यक्षात क्लच सुटल्याबरोबर मागच्या गाडीला हिसका बसतो, दोर ताणून तारेसारखा कडक होतो, आणि पुढच्याच क्षणी इंजिन सुरू झाले तर गाडी पुढे झेपावून तो दोर ढिला पडतो. या वेळी क्लच ताबडतोब पुन्हा दाबला नाही, किंवा ॲक्सिलरेटरची जोडणी अडकलेली असली, तर ती थेट ओढणाऱ्या गाडीवर जाऊन आदळते. ढिला दोर पुढच्या चाकाखाली गेला तर गाडी एका बाजूला खेचली जाते. घाबरून पहिला गिअर टाकलेला असला तर इंजिन फिरण्याऐवजी मागची चाकेच घसरतात. दोराच्या जागी साखळी वापरणे अधिक धोक्याचे, कारण साखळीत लवचीकपणा नसल्याने हिसका थेट चौकटीवर बसतो आणि घाईने बंपरला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला अडकवलेली साखळी तो भागच वाकवते. दोर ताठ ठेवण्यासाठी ब्रेक मागच्या चालकाने हलक्या पायाने सांभाळायचे असतात, आणि बहुधा याच कामावर मित्रमंडळीतल्या सर्वांत लहान मुलाला बसवले जाई.

मागून दुसऱ्या गाडीने ढकलण्याच्या पद्धतीत दोन बंपरांची उंची जुळत नसे. एक दुसऱ्याखाली शिरला की दोन्ही गाड्या एकमेकींत अडकून एकत्रच पुढे जात.

हँडल मारण्याचा, म्हणजे समोरून लोखंडी दांडा घालून हाताने इंजिन फिरवण्याचा, धोका वेगळा होता. आपल्याकडच्या जुन्या ट्रकचालकांनाही तो ठाऊक होता. मॉडेल टीमध्ये स्टिअरिंगच्या डाव्या बाजूची लिव्हर वर सरकवून ठिणगी उशिरा पडेल अशी तजवीज करावी लागे. ती विसरली की इंजिन उलटा फटका देई आणि हँडलभोवती अंगठा गुंडाळलेला असला तर तो किंवा मनगट मोडे. म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल खालून वर ओढण्याची शिकवण होती. थंडीत तेल घट्ट झालेले असले की याच गाडीचा क्लच पुरता सुटत नसे, आणि हँडब्रेक नीट ओढलेला नसेल तर सुरू झालेली गाडी हँडल मारणाऱ्याच्या अंगावर चालून येई.

सर्वांत वाईट सवय म्हणजे कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागाच्या) तोंडात डब्यातून पेट्रोल ओतणे. बॉनेट काढून टाकलेले असल्याने वाकून ओतणे सोयीचे होते; पण इंजिनाने उलट भडका दिला की ज्वाळा त्याच तोंडातून वर येई आणि हातातला डबा पेटे. डबा दूर फेकण्याची स्वाभाविक प्रतिक्रियाच आग पसरवी. खरे तर अशा वेळी इंजिन फिरवत राहिल्यास ज्वाळा आत ओढली जाते, परंतु हे सुचायला लागणारे भान त्या वयात नसते.

शर्यतींच्या मैदानावर मात्र धक्का-स्टार्टला शिस्त आली. लॉस एंजेलिसपासून दूर मोहावी वाळवंटात म्युरॉक, एल मिराज ही कोरडी तळी आहेत. तेथे वेगाच्या चाचण्या घेणाऱ्या क्लबांनी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली आणि वाहन-तपासणीचे नियम घातले. वजन वाचवण्यासाठी शर्यतीच्या कित्येक गाड्यांत स्टार्टर आणि बॅटरी नसे. ठिणगी मॅग्नेटोतून, म्हणजे फिरवल्यावर वीज तयार करणाऱ्या यंत्रातून येई, आणि मॅग्नेटो इंजिन फिरल्याशिवाय काम करत नाही. म्हणून ढकलणाऱ्या गाडीला पुढे भक्कम आडवा दांडा लावला जाई. युटा राज्यातील बॉनव्हिल मिठागरावर १९४९ पासून स्पीड वीक हा वेगाच्या चाचण्यांचा मेळावा भरतो. तेथील कित्येक गाड्यांचे गिअर अतिवेगासाठी इतके उंच ठेवलेले असतात की जागेवरून स्वतःच्या बळावर निघणे त्यांना जड जाते. त्यामुळे ट्रकने मागून ढकलत त्यांना वेग देण्याची पद्धत तेथे आजही चालू आहे.