ईईझेडमधल्या मासेमारीचा ॲक्सेस पास: कोणाला लागतो, कागद कोणते, कुठे अडतं

किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याच्या मासेमारी कायद्याखाली येतो. तिथून पुढे 200 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 370 किलोमीटरपर्यंत, विशेष आर्थिक क्षेत्र (ईईझेड) असतं आणि ते केंद्राच्या अखत्यारीत आहे. देशाच्या ईईझेडपैकी 49 टक्के क्षेत्र लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारभोवतीच पसरलेलं आहे. टुना तिकडे भरपूर, नौका मात्र कमी. 4 नोव्हेंबर 2025 ला अधिसूचित झालेल्या नियमांनुसार या पाण्यात जाणाऱ्या नौकांना आता ॲक्सेस पास घ्यावा लागतो.

पास लागतो तो यांत्रिकी नौकांना आणि मोटार बसवलेल्या मोठ्या नौकांना. पारंपरिक आणि छोट्या मच्छीमारांना, मग होडी वल्ह्याची असो वा मोटारीची, त्यातून सूट आहे. परदेशी नौकांना परवानगी नाही. मच्छीमार सहकारी संस्था आणि मत्स्य उत्पादक संघटनांना प्राधान्य आहे, त्यामुळे रत्नागिरी किंवा करंजासारख्या बंदरांतल्या नौकामालकांनी एकेकट्याने धडपडण्यापेक्षा संस्थेमार्फत जाणं केव्हाही बरं.

अर्ज रियलक्राफ्ट पोर्टलवर ऑनलाइन करायचा. नौकेची नोंदणी आणि मासेमारी परवानाही याच पोर्टलवर होत असल्याने नौकेचा तपशील तिथे आधीच असतो. तो भरून अर्ज पाठवायचा आणि त्याची स्थिती तिथेच पाहायची. पास मोफत आहे आणि त्यासाठी कुठल्या कार्यालयात खेटे घालायची गरज नाही. ‘पास काढून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर ते पाससाठी नाहीत, एवढं ओळखावं.

अर्ज भरायला बसण्याआधी हाताशी ठेवा: नोंदणी प्रमाणपत्र, चालू मासेमारी परवाना, मालकाचं आधार, नौकेचा विमा, ट्रान्सपाँडरचा (नौकेवरून उपग्रहामार्फत संदेश देणाऱ्या यंत्राचा) क्रमांक, तांडेल (नौकेचा प्रमुख) आणि खलाशांची यादी. संस्थेच्या नावाने अर्ज असेल तर संस्थेचं नोंदणीपत्र आणि ठरावाची प्रत. खलाशांकडे क्यूआर कोड असलेलं आधार किंवा मच्छीमार ओळखपत्र हवंच. समुद्रात तपासणी झाली की पहिल्यांदा तेच बघतात, आणि पाण्याने फुगलेल्या कार्डावरचा कोड वाचला जात नाही. कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा.

आता अडतं कुठे? बहुतेक वेळा जुन्या व्यवहारात. नौका विकली, पण नोंदणी पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली. इंजिन बदललं, पण प्रमाणपत्रावर जुनाच क्रमांक आणि जुनीच अश्वशक्ती. मोबाइल नंबर बदलला आणि संदेश भलत्याच फोनवर जाऊ लागले. शिवाय नौकेवर रंगवलेला ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. ही दुरुस्ती आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातून करून घ्या आणि मगच अर्ज भरा. उलट केलं तर दोन्ही लटकतात.

ट्रान्सपाँडर सक्तीचा आहे, आणि बेटांच्या पाण्यात त्याला पर्यायही नाही. 20 मीटरपेक्षा लांब नौकांवर एआयएस (नौकेची ओळख आणि ठिकाण आपोआप कळवणारा संच) असतो, पण तो व्हीएचएफ रेडिओ लहरींवर चालतो. क्षितिजापलीकडे गेलेली नौका किनाऱ्यावरच्या केंद्राला दिसत नाही. कोची-लक्षद्वीप समुद्री केबलमुळे बेटांवर इंटरनेट सुधारलं, भरसमुद्रातल्या नौकेला त्याचा काही उपयोग नाही. 2017 च्या ओखी वादळात खोल समुद्रात गेलेल्या नौकांपर्यंत इशारा पोहोचवायला साधनच नव्हतं. केरळ-तमिळनाडूच्या कित्येक नौका थेट देवगडला आसऱ्याला आल्या. इस्रोने विकसित केलेला ट्रान्सपाँडर उपग्रहावरून दोन्ही बाजूंनी संदेश देतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून 13 किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख नौकांवर तो मोफत बसवण्याची 364 कोटींची योजना आहे. तो ब्लूटूथने मोबाइलमधल्या ‘नभमित्र’ ॲपला जोडतात. आग, बुडती नौका किंवा आजारी खलाशी असे संकट-संदेश त्यावरून जातात. हवामान आणि सागरी सीमेचे इशारे येतात.

बसवताना अँटेनाला वर मोकळं आकाश हवं. केबिनच्या छपरावर ताडपत्री, जाळ्यांचा ढीग किंवा लोखंडी कमान आड आली की सिग्नल तुटतो. खाऱ्या हवेने जोडण्या हिरव्या पडतात, म्हणून फेरीआधी त्या पुसून घट्ट करा. बॅटरीची वायर दिव्यांच्या वायरीतून काढू नका. रात्री दिवे विझवताना ट्रान्सपाँडरही बंद पडतो आणि नियंत्रण कक्षाला नौका गायब दिसते. निघण्यापूर्वी धक्क्यावरूनच एक चाचणी संदेश पाठवून बघा, मात्र संकटाचं बटण चाचणीसाठी दाबू नका. व्हीएचएफ चॅनल 16 सतत चालू ठेवा. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक फोनला रेंज असेल तिथवरच उपयोगी. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटाच्या उत्तरेकडच्या नाइन डिग्री चॅनलमधून मोठ्या मालवाहू जहाजांची वर्दळ असते. तिथे रात्री जाळं टाकून सगळ्यांनी झोपणं म्हणजे जीव टांगणीला लावणं.

नव्या नियमांत मदर शिपची सोय आहे: लहान नौकांनी पकडलेली मासळी देखरेखीखाली भरसमुद्रातच मोठ्या नौकेवर चढवायची. बर्फ संपला म्हणून अर्ध्यातून परतणाऱ्यांना याचा फायदा होईल.

पास हातात आला म्हणजे सगळीकडे मोकळीक, असं मात्र नाही. एलईडी दिव्यांनी मासेमारी, पेअर ट्रॉलिंग आणि बुल ट्रॉलिंग (दोन नौकांनी मिळून एकच जाळं ओढणं) यांवर बंदी आहे. अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटाच्या 5 सागरी मैलांच्या आत जाता येत नाही. 2006 मध्ये नौका वाहत तिथे गेल्याने दोन मच्छीमार मारले गेले होते. आणि तारखांचा घोळ करू नका: पश्चिम किनारा व लक्षद्वीपसाठी दरवर्षीची मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै, पूर्व किनारा व अंदमानसाठी 15 एप्रिल ते 14 जून.