अशुद्धी आणि द्रवणांक

शुद्ध घनपदार्थ ज्या ठरावीक तापमानाला वितळतो, तो त्याचा द्रवणांक. त्यात दुसरे काही मिसळले की द्रवणांक बहुधा खाली येतो आणि वितळणे एका अंशावर न होता काही अंशांत पसरते. इथे ‘अशुद्धी’ म्हणजे घाण नव्हे. मुद्दाम घातलेला पदार्थही अशुद्धीच. कथिल २३२° से.ला आणि शिसे ३२७° से.ला वितळते, पण ६३:३७ प्रमाणात एकत्र केल्यास १८३° से.लाच वितळते. डाग देण्याची (सोल्डरिंगची) सारी सोय यावरच आहे. अपवादही आहेत: तांब्यात निकेल मिसळले तर द्रवणांक वर चढतो, कारण दोघांचे अणू एकाच स्फटिकात सामावतात.

कोकणात हा नियम मे महिन्यात अंगणात दिसतो, पॉटच्या आइस्क्रीमच्या रूपाने. लाकडी बादलीत डबा, डब्यात आटवलेले दूध, साखर, हापूसचा रस. भोवती फोडलेला बर्फ. नुसत्या बर्फात हँडल कितीही फिरवा, मिश्रण पातळच राहते. साखरेमुळे त्याचा गोठणबिंदू (म्हणजे द्रवणांकच, गोठण्याच्या बाजूने पाहिलेला) शून्याखाली गेलेला असतो आणि वितळता बर्फ काही शून्याखाली जात नाही. म्हणून बर्फाच्या थरांमध्ये खडेमीठ पसरतात.

बर्फाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सतत सुटतात आणि परत चिकटतात. शून्य अंशाला दोन्ही बाजू सारख्या. मीठ विरघळले की परतणारे कमी पडतात, सुटणारे तेवढेच. बर्फ वितळत जातो. ग्रॅमामागे सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते, ती डब्यातून आणि खाऱ्या पाण्यातून ओढली जाते. मीठ २३ टक्क्यांच्या आसपास असेल तर तापमान –२१° से.पर्यंत उतरू शकते. हा यूटेक्टिक बिंदू, म्हणजे मिश्रण द्रव राहू शकते असे सर्वांत खालचे तापमान. अंगणातली बादली सहसा तिथवर पोचत नाही, आणि गरजही नसते.

गोठणबिंदूचा उतार ठरतो तो विरघळलेल्या कणांच्या संख्येवर. किलोभर पाण्यात ३४२ ग्रॅम साखरेने जेमतेम २ अंश उतरतात. मिठाचे आयन (विद्युतभारित कण) सुटे होत असल्याने ५८.५ ग्रॅम मिठानेच सुमारे ३.४. समुद्राचे पाणी –१.९° से.ला गोठते ते यामुळेच.

बादलीला वरच्या अंगाला भोक असते. ते तुंबले तर खारे पाणी झाकणाखालून आत शिरते आणि दोन तासांची मेहनत खारट होते. उरलेले पाणी माडाच्या आळ्यात ओतले तरी चालते. माडाला थोडेफार मीठ बाधत नाही.